खाल्लेला पाव

स्पॅनिश सोपी आहे असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतल्या एकालाही स्पॅनिश येत नाही. सोसायटीतल्या काकांनी सांगितलं, ऑफिसातल्या एका मुलीनं सांगितलं, दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून सांगितलं, त्यामुळे प्रतिवादही करता आला नाही. सगळ्यांचा पुरावा एकच: "त्यात जसं लिहितात तसंच वाचतात." देवनागरीत लहानाचं मोठं झालेल्या माणसाला हे एवढं कौतुकानं का सांगावं? आम्ही ते गृहीतच धरून चाललो होतो.

शिवाय ते पुरतं खरंही नाही. 'एच' हे अक्षर लिहायचं, वाचायचं नाही. 'बी' आणि 'व्ही' यांचा उच्चार एकच. गाय 'व्ही'नं लिहितात आणि 'बाका' म्हणतात. मोटारीच्या टपावरची सामान ठेवायची जाळी 'बी'नं लिहितात आणि तिलाही 'बाका'च म्हणतात. म्हणून लॅटिन अमेरिकेत एखादं नाव लिहून घेताना 'लांब बे की आखूड वे' असं विचारायची पद्धत आहे. सोपी भाषा आहे, विचारून घ्यायचं.

काकांनी तर एक आकडाही पाठवला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक प्रशिक्षण संस्था आहे. तिनं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी भाषांचे अवघडपणानुसार गट पाडले आहेत आणि स्पॅनिश सर्वांत सोप्या गटात आहे. सोप्या म्हणजे वर्गातले साधारण सहाशे-सातशे तास. रोज दोन तास बसलं, रविवार, दिवाळी आणि पाहुणे यांतलं काहीही पाळलं नाही, तर साधारण वर्षभर. घरचा अभ्यास वेगळा. हे तास ज्यांच्यासाठी मोजले, त्या मुत्सद्द्यांना शिकण्याचा पगार मिळतो. मी फी भरतो.

'सोपं' या शब्दापासूनच सुरुवात केली तर वेळ वाचेल, असं मला वाटलं होतं. शब्द आहे 'फासिल'. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी 'फाथिल'. मेक्सिकोला जायचं की माद्रिदला, हे आधी ठरवा, मग सोपं म्हणा. त्यातल्या 'ए'वर एक तिरकी रेघ द्यायची. शब्द 'एन' किंवा 'एस' सोडून दुसऱ्या व्यंजनानं संपला तर जोर शेवटच्या अक्षरावर पडतो. हा 'एल'नं संपतो आणि तरी जोर आधीच्या अक्षरावर. म्हणजे 'सोपं' हा शब्द स्वतःच नियमाला अपवाद आहे आणि तशी खूण कपाळावर घेऊन फिरतो. अवघड म्हणजे 'दिफीसिल'. त्यावरही तीच रेघ. याबाबतीत भेदभाव केलेला नाही.

पण 'फासिल' म्हणणं पाठ्यपुस्तकी, असं आमच्या स्पॅनिशच्या वर्गातल्या मॅडम म्हणाल्या. "तिकडचे लोक असं थोडंच बोलतात? ते म्हणतात, 'एस पान कोमिदो'." पान म्हणजे पाव, विड्याचा संबंध नाही. कोमिदो म्हणजे खाल्लेला. एखादी गोष्ट अगदी सोपी असली की ती खाल्लेला पाव असते. मॅडमनी हे अशा सुरात सांगितलं की वर्गातल्या सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली, पण खाल्ला कोणी, हे कोणीच विचारलं नाही.

पाव खाऊन झाला असेल तर तो ज्यानं खाल्ला त्याला सोपा. उरलेल्यांनी काय करायचं? आपल्याकडे अशा वेळी डाव्या हाताचा मळ म्हणतात. दिसायला तो बरा नाही, पण निदान ज्याचा त्याच्या हाताला असतो. शिवाय पावाचा वाक्प्रचार अशा देशातला, जिथे कित्येक हॉटेलांत न मागता टेबलावर पाव येतो आणि मग बिलातही येतो. तिथं खाल्लेला पाव म्हणजे सोपी गोष्ट कशी, हे मला कोणीतरी बिल समोर ठेवून समजावून सांगावं.

पावावरून वर्गातल्या एका उत्साही गृहस्थांना आठवलं की मराठी माणसाला स्पॅनिश सोपीच जायला हवी. पाव, पगार, बटाटा हे आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. बरोबर आहे. स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणं. तेवढ्यावर मी स्पेनमध्ये पाव मागून त्याचे पैसे देऊ शकतो. संभाषण तिथंच संपतं.

खरी अडचण पावाच्या आधीच्या शब्दात, म्हणजे 'एस'मध्ये आहे. स्पॅनिशमध्ये 'असणे' या अर्थाची क्रियापदं दोन आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. नियम असा सांगतात की कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. मग उदाहरणं येतात. मेलेल्या माणसाला 'एस्तार' लावतात. पाव खाल्लेला असला की 'सेर'. म्हणजे मृत्यू तात्पुरता आणि खाल्लेला पाव कायमचा. मॅडम म्हणाल्या, "असं तर्कानं जायचं नसतं, सवय होते." ज्याची त्याला सवय होत असेलही.

बरं, सोप्याला नेहमी सेर लावायचा असं ठरवावं, तर तेही नाही. स्पेनमध्ये सोप्या गोष्टीला 'चुपादो' म्हणजे चोखलेली असंही म्हणतात आणि 'तिरादो' म्हणजे टाकून दिलेली असंही. या दोघांना एस्तार लागतो. पाव खाल्लेला असेल तर एक क्रियापद, चोखलेला असेल तर दुसरं. त्यातही 'चुपादो' लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी झिंगलेल्या माणसाला म्हणतात आणि 'तिरादो' वाटेत सोडून दिलेल्या माणसालाही. परीक्षा सोपी होती असं सांगायला जावं आणि लोकांनी, दारू पिऊन रस्त्यात पडली होती, असं समजून हळहळावं, एवढी सोय या दोन शब्दांत आहे.

सोप्यासाठी आणखी एक प्रयोग आहे, 'कोसेर ई कांतार'. शिवणं आणि गाणं. ज्यानं हा काढला त्यानं लग्नसराईत ब्लाउज शिवायला टाकलेला नसणार. टाकला असता तर 'उद्या नक्की' हे शब्द ऐकून शिवण्याला सोपं म्हणायला त्याची जीभ रेटली नसती. गाण्याबद्दल मी बोलत नाही. आमच्या इमारतीत संध्याकाळी एक मुलगी सा लावते. तो लागला की शेजाऱ्यांना कळवण्यात येणार आहे.

देश बदलला की फराळही बदलतो. अर्जेंटिनात सोपी गोष्ट म्हणजे 'पापा', बटाटा. पोर्तो रिकोत 'मामेई', म्हणजे तिकडचं एक फळ. व्हेनेझुएलात 'मांगो बाखितो', हाताला लागेल इतका खाली लोंबणारा आंबा. यातला आंबा तेवढा मला मान्य आहे. तो अजून कोणी खाल्लेला नाही, चोखलेला नाही, टाकलेला नाही आणि माझ्या हाताला येऊ शकतो. पण आमच्या पुस्तकात स्पेनची भाषा आहे, त्यामुळे आंबा अभ्यासक्रमाबाहेर.

काळाचं तर विचारूच नका. सोपं आहे म्हणताना 'एस'. सोपं होतं म्हणताना 'फुए' किंवा 'एरा', आणि त्या दोहोंत काय फरक आहे यावर पुस्तकात एक आख्खा धडा आहे. 'फुए' हा शिवाय 'जाणे' या क्रियापदाचाही भूतकाळ आहे. होता आणि गेला यांत स्पॅनिश फरक करत नाही. सोपं असेल अशी आशा असली तर 'सेआ'. सोपं आहे असं मला वाटत नाही, हे सांगायलाही 'सेआ'च. शंका, इच्छा, भीती यांच्यासाठी क्रियापदांची वेगळी रूपावली ठेवलेली आहे. ज्याची खात्री आहे त्याला सोपं रूप, ज्याला शंका आहे त्याला पाठ करायला आणखी एक तक्ता. शिकाऊ माणसाला खात्री कशाची असणार? तो पहिल्या दिवसापासून दुसऱ्या तक्त्यात राहतो.

भाषा सोपी करण्याचा प्रयत्नच झाला नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. माद्रिदला १७१३ पासून एक राजमान्य अकादमी आहे. स्वच्छ करणे, पक्के करणे आणि तेज देणे हे तिचं ब्रीद. १७५४ मध्ये तिनं ठरवलं की प्रश्न संपताना चिन्ह दिलं तर वाचणाऱ्याला फार उशिरा कळतं, म्हणून प्रश्नाच्या सुरुवातीलाही एक उलटं चिन्ह द्यावं. सोयीचं आहे, मराठीतल्या काही वाक्यांना मीही आता ते मनातल्या मनात देतो. २०१० मध्ये तिनं 'सोलो' या शब्दावरची तिरकी रेघ काढायला सांगितली. 'फक्त' आणि 'एकटा' या दोन्ही अर्थांचा हा एक शब्द, आणि 'फक्त' या अर्थाला लोक रेघ देत. एक रेघ कमी, तेवढंच सोपं. लेखक चिडले. आर्तुरो पेरेस-रेव्हेर्ते हे कादंबरीकार स्वतः अकादमीचे सदस्य. ते रेघेच्या बाजूनं उभे राहिले. १३ वर्षं हे चाललं. २०२३ मध्ये अकादमीनं खुलासा केला की घोटाळा होईल असं लिहिणाऱ्याला वाटत असेल तर त्यानं रेघ दिली तरी चालेल. घोटाळा होईल असं मला प्रत्येक शब्दाबाबत वाटतं, पण ही सवलत सगळ्या शब्दांना नाही.

काका अधूनमधून लिफ्टमध्ये भेटतात. "काय, कुठवर आलं?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता "सोपी आहे हो" असं स्वतःच सांगतात. मी एकदा त्यांना 'एस पान कोमिदो' म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "बघा! किती सोपं वाक्य." मग त्यांचा मजला आला.

पुढच्या आठवड्यात 'पोर' आणि 'पारा' आहेत. दोन्हींचा अर्थ 'साठी'. दोन्ही शब्द मला लहानपणापासून येतात, त्याचा काही उपयोग नाही. कुठे पोर आणि कुठे पारा याची यादी मॅडमनी आधीच ग्रुपवर टाकली आहे, पाठपोट तीन कागद, आणि खाली लिहिलं आहे: यात काहीच नाही.