इंजिनाचं मग पाहू

निवडणूक लांब असो की जवळ, गुडघ्याला बाशिंग बांधलेल्या माणसाला रथ, म्हणजे व्हॅनिटी व्हॅन, लागतोच. आर्णीतल्या आमच्या भाऊंना तो सेकंडहँड हवाय, पण पलंग, संडास आणि एसीसकट. दिल्लीकडच्या एका एजंटानं मोबाइलवर व्हिडिओ पाठवलाय. त्यात लेदरचा सोफा आहे, टीव्ही आहे, आरशाभोवती दिवे आहेत. इंजिन नाही. म्हणजे गाडीत असावं, व्हिडिओत नाही.

मिस्त्रीनं विचारलं, “भाऊ, इंजिन कसं हाये?”

“जर्मन हाये!”

“ते गोत्र झालं. मी तब्येत इचारून रायलो.”

एवढी आलिशान गाडी दिल्लीवाला मातीमोल का विकतो, हे भाऊंनी विचारलं नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून राजधानीत म्हाताऱ्या ठरलेल्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन परराज्यांत नव्यानं तरुण होतात. यवतमाळची एमएच २९ ची पाटी लागली की वय विचारणं असभ्य.

“पण चालली किती कमी!” हा भाऊंचा हुकमी एक्का. मिस्त्रीला नेमकी तीच भीती. अशी गाडी चालते कमी आणि उभ्या उभ्या धडधडते जास्त. आत साहेब झोपलेले, एसी चालू. किलोमीटरचा काटा हलत नाही, इंजिन मात्र झिजतं. महिनोन्‌महिने बंद राहिली तर टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी धरतं, रबरी सील वाळतात. २०२० नंतरची बीएस-६ घ्यावी, तर तिच्या सायलेन्सरमधली काजळीची जाळी साफ व्हायला महामार्गावरची लांब, सलग धाव लागते. आमचे रथ चौकाचौकांत हारासाठी थांबतात.

दोष एकट्या भाऊंचा नाही. २०१७ मध्ये विरोधकांची संघर्ष यात्रा चंद्रपूर जिल्ह्यातून निघाली, तेव्हा कर्जमाफीइतकीच तिची वातानुकूलित बस गाजली. २०१९ मध्ये मुख्यमंत्र्यांची महाजनादेश यात्रा गुरुकुंज मोझरीहून रथातून निघाली. आत कोण बसलं आणि गारवा किती, यावर रकाने भरले. बॉनेट उघडून पाहायला कुणीच सांगितलं नाही. राज्यात ट्रिपल इंजिन सरकार आलं तेव्हाही इंजिनं मोजलीच गेली, त्यातली सेकंडहँड किती हे विचारायचं राहिलं. चर्चेला मात्र आमचा तालुका कमी पडत नाही. २० मार्च २०१४ ला नरेंद्र मोदींनी ‘चाय पे चर्चा’ केली ती इथल्याच दाभडीत.

भाऊ आता टोकन द्यायला निघालेत. सोफ्याचा रंग पक्ष बदलला तरी चालेल असा, करडा निवडलाय. ‘मिस्त्री सोबत नको,’ म्हणाले. तो अपशकुनी बोलतो.

तुम्हाला अशी गाडी घ्यायचीच असेल तर मालकाला न कळवता भल्या सकाळी जा. आधी इंजिनाला हात लावा. ते गरम लागलं, तर तुम्ही येण्याआधीच कुणीतरी खटपटीनं चालू करून ठेवलंय. थंड असेल तर चालू करा आणि मागं जाऊन उभे राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलंय. तेव्हा मालकाचा चहा प्या, सोफ्याची तारीफ करा आणि एसटीनं परत या.