हरळीचा मानकरी

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलस शहराच्या उत्तरेकडील फ्रिस्को, प्लेनो यांसारख्या उपनगरांत स्थिरावलेल्या मराठी गृहस्थांचे अंगणातील गवताच्या अनुषंगाने वर्गीकरण करू जाता माळी लावणारे, पेट्रोलचे यंत्र बाळगणारे आणि हाताने ढकलायचे यंत्र वापरणारे असे तीन वर्ग आढळतात; पैकी पहिल्या दोहोंना शनिवारी दुपारची झोप मिळते, म्हणून त्यांचा विचार येथे कर्तव्य नाही.

तिसऱ्याची ओळख त्याच्या यंत्रापासून करून घ्यावी लागते, कारण तो स्वतःही ती तशीच करून देतो. रील मोअर या नावाने विकले जाणारे हे यंत्र म्हणजे दोन चाकांमध्ये आडवा बसवलेला पीळदार पात्यांचा रहाट असून चाके फिरली की दात्यांच्या जोरावर तोही फिरतो, आणि त्याची पाती खालच्या स्थिर पात्याला लगटून जाताना मधले गवत कात्रीत सापडल्यासारखे कापले जाते. याउलट पेट्रोलच्या यंत्राचे पाते जमिनीला समांतर भिरभिरत गवताला फटकारते व त्याची टोके फाडते, हा भेद तो पाहुण्याला चहा येण्यापूर्वीच सांगून टाकतो. चहा आल्यावर इतिहास सुरू होतो. इंग्लंडातील ग्लॉस्टरशर परगण्यातल्या एडविन बडिंग यांनी लोकरी कापडावरची लव छाटणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून हे यंत्र बेतले आणि १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले. ग्रामीण भागातील सद्गृहस्थांनी ते स्वतः चालवल्यास त्यांची करमणूक होऊन व्यायामही घडेल, असा आशय त्या पेटंटाच्या मजकुरातच आहे, आणि तेवढ्या आधारावर या गृहस्थाने व्यायामशाळेची वर्गणी बंद केलेली असते.

व्यायाम मात्र खरोखरच घडतो. त्या भागातील अंगणांत बहुधा बर्म्युडा नावाचे गवत असते, आणि बर्म्युडा म्हणजे दुसरी तिसरी कोणी नसून आपली हरळी होय. जिच्या काश्या, म्हणजे जमिनीखाली पसरणारी गाठाळ खोडे, वेचता वेचता आजोबांचे उन्हाळे सरले, तिलाच नातू डॉलर मोजून खत घालतो. हरळीला ऊन मानवते आणि टेक्सासात उन्हाला तोटा नाही. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक गवत कापू नये, हा हिरवळ राखणाऱ्यांचा सर्वमान्य नियम असल्याने इंचभर राखलेली हरळी दीड इंच होताच कापावी लागते आणि जून महिन्यात ती वेळ दर तीन-चार दिवसांनी येते. ती टळली तर उंच झालेले गवत यंत्राखाली नम्रपणे लवते आणि यंत्र पुढे सरकताच पुन्हा ताठ उभे राहते, जे या गृहस्थाला कचेरीतील कनिष्ठांवरून चांगले परिचित असते. पेन्सिलीएवढी काडी पात्यांत अडकली तर रहाट जागच्या जागी थांबतो, परंतु ढकलणारा थांबत नाही, त्यामुळे दांडा नाभीच्या जरा वर नेमका बसतो, आणि त्या क्षणी निघणारा उद्गार, घरात मुलांशी इंग्रजी बोलले जात असले तरी, शुद्ध मराठी असतो.

धार पाहण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. वाणसामानाच्या दुकानाचे सवलतपत्रक उभ्या पट्ट्यांत फाडून, एकेक पट्टी खालच्या पात्यावर धरून रहाट हाताने फिरवायचा. कागद स्वच्छ कापला गेला तर उत्तम, दुमडला तर स्क्रू पाव आटा पिळून पुन्हा तेच. पत्रकातील तूरडाळीची सवलत बायकोने पेनाने खूण करून ठेवलेली होती, हे बहुधा पाचव्या पट्टीला कळते. (ही परीक्षा जुन्या पत्रकावरही होऊ शकते, पण ताज्या कागदाला जे कुरकुरीतपण असते ते त्याला हवे असते.)

गणेशचतुर्थीला अंगणभर हरळी असूनही घरात दूर्वा नसतात. वस्तुतः दोन्ही वनस्पती एकच; परंतु जुडीसाठी तीन पात्यांचा कोवळा शेंडा लागतो, आणि ज्याने मे महिन्यापासून शेंडा म्हणून वर येऊच दिलेला नाही, त्याच्या अंगणात तो सापडावा कसा? म्हणून त्या सकाळी, सोवळ्यावर टी-शर्ट चढवून, तो दुसऱ्या वर्गातील शेजाऱ्याच्या कुंपणाशी बसतो, जेथे पेट्रोलचे यंत्र पोहोचत नाही आणि शेजारीही पोहोचत नाही. एकवीस दूर्वा तेथे पाच मिनिटांत मिळतात.