सात-बाराचा सात डिसेंबर

प्रति,
मा. संचालक,
संशोधन व विकास कक्ष,
आपलेच विद्यापीठ.

विषय : ‘संशोधन-अनुदानाचे अर्ज व विदा-व्यवस्थापन’ या तीन दिवसांच्या कार्यशाळेबद्दल आभार मानणे, आणि ६४० रुपये.

संदर्भ : आपले परिपत्रक. त्यावर जावक क्रमांक आहे, तारीख नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी आपल्या कार्यशाळेला तिन्ही दिवस हजर होतो. याचा पुरावा मागायची वेळ आपल्यावर येऊ नये, कारण त्या तीन दिवसांत माझे अकरा जिओटॅग फोटो निघाले. दीपप्रज्वलन, रोपटे देऊन स्वागत, चहा, पुन्हा चहा. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश आणि वेळ. मी भूगोलाचा माणूस आहे. एका सभागृहाच्या जागेची इतकी अचूक नोंद मी आजवर पाहिलेली नाही. नॅकची समिती येईल तेव्हा हे सभागृह पृथ्वीवर नेमके कुठे होते, याबद्दल तिला तिळमात्र शंका उरणार नाही. आत काय बोलले गेले याची नोंद मात्र कुठे आढळली नाही. म्हणून हे पत्र.

पहिला दिवस पैशांचा होता. साधनव्यक्ती दीड तास उशिरा आल्या, पण आल्या आल्या त्यांनी पडद्यावर ५०,००० कोटींचा आकडा लावला आणि त्यांचा उशीर सगळ्यांनी मनोमन माफ केला. ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’चा २०२३चा कायदा, त्यात विलीन झालेले जुने संशोधन मंडळ ‘सर्ब’, पाच वर्षे आणि ५०,००० कोटी रुपये. माझ्या शेजारच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी मोबाइल काढून आपल्या वाट्याला किती येतील याचा भागाकारही सुरू केला. त्याच पडद्यावर खाली, बारीक टायपात, एक ओळ होती : यांतले ३६,००० कोटी उद्योगांकडून, दात्यांकडून वगैरे येणे अपेक्षित आहे. सरकारचे १४,००० कोटी. लग्नाच्या याद्या करताना भला मोठा आकडा मांडावा आणि त्यातला पाऊण भाग गावातले दानशूर उचलतील असे खाली लिहून ठेवावे, तसे हे होते. मॅडमनी मोबाइल पर्समध्ये ठेवला.

मग अर्ज कसा लिहावा ते सांगितले. उद्दिष्टे तीनहून कमी नकोत, पाचाहून जास्त नकोत. ‘अभ्यास करणे’ असे लिहू नये, त्यात आत्मविश्वास दिसत नाही. ‘आराखडा विकसित करणे’ लिहावे. मी माझा विषय सांगितला : आमच्या तालुक्यातल्या ४२ विहिरींचे पाणी कोणत्या महिन्यात किती खाली जाते आणि का जाते, एवढेच मला पाहायचे आहे. साधनव्यक्तींनी सहानुभूतीने मान हलवली. “विषय चांगला आहे, पण यात एआय घाला.” मी विचारले, “विहिरीत?” त्या म्हणाल्या, “शीर्षकात.”

अनुदान मिळाल्यानंतर काय करावे, याला आपण वीस मिनिटे ठेवली होती आणि ती जेवणात गेली. ते बरेच झाले, कारण तेवढे एक आम्हाला येते. वर्षभराचा हप्ता फेब्रुवारीच्या शेवटी येतो, यूसी, म्हणजे पैसे खर्चल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, ३१ मार्चपर्यंत द्यायची असते, आणि मधल्या चार-पाच आठवड्यांत वर्षभराची विज्ञानसेवा उरकायची असते. तीन कोटेशने लागतात. ती तीन वेगवेगळ्या लेटरहेडांवर येतात, पण तिन्हींत ‘क्वोटेशन’ हा शब्द सारखाच चुकलेला असतो. माझ्या अंदाजपत्रकात पाणीपातळी मोजायची टेप होती. ती ‘अनावर्ती’त बसते की ‘आवर्ती’त यावर लेखा विभागाने सात महिने विचार केला. तोवर पावसाळा येऊन गेला. मी सुताच्या दोरीला फुटाफुटावर गाठी मारून काम भागवले. दोरीला लेखाशीर्ष लागत नाही.

दुसऱ्या दिवशी विदा. डेटाला आपण सारे कागदोपत्री विदा म्हणतो. ‘विदा’चा दुसरा अर्थ निरोप, हे साधनव्यक्तींच्या लक्षात आणून द्यावेसे वाटले होते, पण दिवसभर ऐकल्यावर त्याची गरज राहिली नाही. त्यांनी २०१६ साली मांडलेली ‘फेअर’ तत्त्वे सांगितली : विदा सापडली पाहिजे, मिळाली पाहिजे, दुसऱ्या विदेशी जुळली पाहिजे आणि पुन्हा वापरता आली पाहिजे. चांगली तत्त्वे आहेत. पण महोदय, ‘फेअर’ म्हटले की मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला एकच गोष्ट आठवते : फेअर वही. तपासायला जायची ती फेअर, गणित सुटायचे ते रफ वहीत. फेअर वहीला समास असायचा, कव्हर असायचे, वर ‘श्री’ असायचे. रफ वही वर्ष संपले की रद्दीत. आपली सगळी संशोधनव्यवस्था याच शिस्तीत वाढली आहे, हे आपण त्या दिवशी सिद्ध केलेत.

२००९च्या यूजीसीच्या नियमांपासून पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करावी लागते. ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगे’त जाते आणि तिथे खरोखर सापडते, हे मी उपरोधाने म्हणत नाही. ही झाली फेअर वही. तो प्रबंध ज्या मोजमापांवर उभा असतो, ती मोजमापे मात्र विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हमध्ये असतात. पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून शॉर्टकट व्हायरस घेऊन परत आलेला असतो आणि विद्यार्थी तोवर स्पर्धा परीक्षेच्या क्लासला लागलेला असतो.

सत्राच्या शेवटी आम्हाला विदा-व्यवस्थापन आराखड्याचा नमुना भरायला दिला. रकाना क्रमांक ९ : ‘प्रकल्प संपल्यावर विदा दहा वर्षे कुठे जतन केली जाईल?’ सभागृहात पहिल्यांदाच खरी शांतता पसरली. रसायनशास्त्राच्या एका सरांनी विचारले, विद्यापीठाचा सर्व्हर आहे का? आहे. त्यात जागा आहे का? परीक्षा विभागाला विचारावे लागेल. मग काय लिहायचे? साधनव्यक्ती म्हणाल्या, “योग्य त्या भांडारात.” आम्ही सर्वांनी तसे लिहिले. साठ जणांच्या साठ आराखड्यांत एकच उत्तर आहे. ते तपासताना आपणांस कॉपीचा संशय आला, तर तो रास्त आहे.

आता एक्सेलविषयी. माझ्या विहिरी मी गट क्रमांकाने ओळखतो. तलाठी ओळखतो, मालक ओळखतो, सगळा गाव ओळखतो. हे क्रमांक १२/३, ५/२ असे असतात. ते मी संगणकात भरले आणि चहा पिऊन परत आलो, तर १२/३ची १२ मार्च झाली होती आणि ५/२ची ५ फेब्रुवारी. एक विहीर खरोखरच गट क्रमांक ७/१२ मध्ये आहे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या सात पिढ्या ज्या दोन आकड्यांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या, त्यांचा एका क्षणात ७ डिसेंबर झाला. ३१/१५सारखे, कुठल्याच पंचांगात न बसणारे गट तेवढे वाचले.

मला वाटले, हे माझ्याच अडाणीपणाचे फळ. पण जगातल्या जनुकशास्त्रज्ञांनी हेच भोगले आहे. मार्च१ आणि सेप्ट२ अशा नावांची जनुके एक्सेलमध्ये तारखा होत असत. २०१६ साली काहींनी तपासले, तेव्हा ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या एक्सेल याद्या जोडल्या होत्या, त्यांतल्या सुमारे पंचमांश निबंधांत असल्या चुका निघाल्या. शेवटी २०२० साली जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. माणसाच्या पेशीतली गोष्ट तक्त्यापुढे नमली. पुढे २०२३ साली एक्सेलने हा आपोआपपणा बंद करायची सोय दिली, पण आमच्या विभागातली आवृत्ती त्याच्या फार आधीची आहे आणि तिच्या परवान्याविषयी मी या जाहीर पत्रात काही लिहू इच्छित नाही. महसूल खात्याला गट क्रमांक बदलायला सांगावे का, याबद्दल कक्षाचे मार्गदर्शन मिळावे.

एक गोष्ट त्या सभागृहात सांगावीशी वाटत होती, पण प्रश्नोत्तरांची वेळ सत्कारात गेली. जात्यावरच्या ओव्यांची. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गावच्या बाया गायच्या आणि कार्यकर्ते हाताने लिहून घ्यायचे. ओवी कुणी गायली, कुठल्या गावची, हेही नोंदले गेले. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकावर मांडणी केली. पॉइतव्हाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. त्यांच्यानंतर २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली, आणि आज कुणालाही अमुक गावच्या अमुक बाईची ओवी तिच्या नावानिशी वाचता येते. या साऱ्याला सुरुवात झाली तेव्हा ‘फेअर’ तत्त्वे कुणी लिहिलेलीही नव्हती. ओवी ऐकताना बाईचे नाव विचारायचे आणि ते खोडायचे नाही, एवढे त्या माणसांना कळत होते. याचे प्रमाणपत्र त्यांच्याकडे असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

माझ्या विदेचे काय झाले तेही सांगतो. गेल्या उन्हाळ्यात विभागाच्या संगणकात ‘अँटिव्हायरस टाकायला’ एक मुलगा आला आणि सगळे पुसून गेला. पेनड्राइव्हची कथा वर आलीच आहे. मी दोन वर्षांच्या नोंदींना मुकलो आणि रडकुंडीला येऊन मोटरसायकलवरून गावोगाव निघालो. १२/३ च्या मालकीणबाई, ज्यांना मी मावशी म्हणतो, म्हणाल्या, “सर, पोरानं लिवलंय की भिंतीवर.” त्यांचा मुलगा आठवड्यातून एकदा माझ्या दोरीने आजूबाजूच्या नऊ विहिरी मोजायचा आणि मला फोनवर आकडे सांगायचा. सांगण्याआधी ते तो कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचा, दुधाच्या हिशेबाशेजारी. तारीख छापलेली, तिथी छापलेली, नक्षत्र छापलेले. पाऊस झाला त्या दिवशी त्याने छत्री काढली होती. लाइट नसल्यामुळे मोटर बंद राहिली, त्या दिवशी फुली. साधनव्यक्ती ज्याला मेटाडेटा म्हणत होत्या आणि ज्यावर त्यांच्या बावीस स्लाइड होत्या, तो सगळा खिळ्याला टांगलेला होता.

दोन महिने तेवढे नव्हते. जून-जुलैची पाने मावशींनी फळीवर डब्यांखाली अंथरली होती. त्यांनी डबे उतरवून ती काढून दिली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यावर तेलाचा डाग आहे, पण आकडा वाचता येतो : २३ फूट.

तर रकाना क्रमांक ९ मध्ये मी आता ‘खिळा’ असे लिहू इच्छितो. चालेल का ते कळवावे.

परवानगीचा एक मुद्दा राहिला. विहीरमालकांची लेखी संमती घ्यावी, असे आपल्या साधनव्यक्तींनी बजावले. रास्त आहे. कारण काही मालक मला पातळी खाली दाखवा म्हणतात, दुष्काळाच्या यादीत नाव यावे म्हणून. काही वर दाखवा म्हणतात, पंपाचे कर्ज मिळावे म्हणून. कुणाची विहीर कुठे आणि किती भरलेली आहे, ही माहिती चुकीच्या हातात पडली तर काय होते ते तेच जाणतात. आपला संमतीपत्राचा नमुना दोन पानी इंग्रजीत आहे. मावशींनी तो हातात धरून विचारले, “बँकेचा हाये का?”

आणि आता ६४० रुपये. कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी आपण आम्हा साठ जणांकडून आधार, पॅन, मोबाइल, बँक खाते आणि आयएफएससी असे सगळे एका ऑनलाइन तक्त्यात भरून घेतलेत. तक्ता सर्वांना खुला होता आणि सर्वांना बदलताही येत होता. (डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३चा कायदा आपण दुसऱ्या दिवशी, दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी शिकवलात. त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे, हेही आपणच सांगितलेत. त्या वेळी तो तक्ता माझ्या मोबाइलवर उघडाच होता.) तिसऱ्या दिवशी नावे अकारविल्हे लावावीत असे कुणाच्या तरी मनात आले. त्याने फक्त नावांचा रकाना लावला. खाते क्रमांक जिथल्या तिथे राहिले.

परिणामी माझे प्रवासभाड्याचे ६४० रुपये वनस्पतिशास्त्राच्या मॅडमच्या खात्यात जमा झाले असून प्राणिशास्त्राच्या एका सरांचे १,१८० रुपये माझ्या खात्यात आले आहेत. मॅडम माझे पैसे द्यायला तयार आहेत, पण पावती मागतात. ते सर माझ्याकडे पैसे मागायला तयार नाहीत, कारण त्यांना तिसऱ्याच कुणाचे २,०५० मिळाले आहेत. हे १,१८० रुपये मी कोणत्या शीर्षाखाली परत करावेत, आणि ३१ मार्चच्या आत न केल्यास ते लॅप्स होतील काय, ते उलट टपाली कळवण्याची विनंती आहे.

प्रमाणपत्र मिळाले. त्यावरचे नाव माझे नाही, पण अक्षर फार सुरेख आहे.

आपला विश्वासू,
सहायक प्राध्यापक, भूगोल
(योग्य त्या मार्गाने पाठवले होते. चार महिने मार्गातच आहे. म्हणून खुले.)

सोबत : जून महिन्याचे पान, मूळ प्रत. पाहून झाल्यावर कृपया परत करावे. मावशींची फळी उघडी आहे.