कानाला पडलेलं परफोरेशन

कान ठणकत होता म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आत उजेड पाडून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "परफोरेशन आहे." हा शब्द मला माहीत होता तो फक्त पोस्टाच्या तिकिटांमुळे. त्यामुळे माझा कान काठावरून अलगद सुटून कुणाच्या तरी पाकिटावर चिकटलाय, असंच चित्र डोळ्यांसमोर आलं.

"पडद्याला बारीक भोक पडलंय. भरेल. पाणी जाऊ देऊ नका."

घरी मात्र मी 'भोक' म्हटलं नाही. भोक बनियनला पडतं. 'परफोरेशन' म्हटल्याबरोबर आल्याचा चहा आला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही आरपार भोक पाडणं एवढाच, पण तो मी चहा संपेपर्यंत सांगितला नाही.

लहानपणी तिकिटं जमवायचो, तेव्हाचं ज्ञान वर आलं. 1840 च्या 'पेनी ब्लॅक'ला भोकं नव्हतीच. तिकिटं कात्रीनं कापावी लागत. मग हेन्री आर्चर या आयरिश गृहस्थानं भोकं पाडायचं यंत्र काढलं आणि 1854 पासून ब्रिटनमध्ये भोकांची तिकिटं रीतसर सुरू झाली. दोन सेंटिमीटरांत भोकं किती, हे संग्राहक पट्टी लावून मोजतात. तिकिटाचा एक दात पडला तरी किंमत घसरते. माझे दोन पडले, कुणी ढुंकून पाहिलं नाही.

भोकं सिनेमाच्या फिल्मलाही लागतात, आणि त्यांचे खरे कष्ट उपसले ते सरस्वतीबाई फाळक्यांनी. त्यांचे पती दादासाहेब यांनी 1912 मध्ये लंडनहून कॅमेऱ्याबरोबर भोकं पाडायचं यंत्रही आणलं, कारण कच्ची फिल्म बिनभोकांची येई. घरचं सगळं आवरून ही बाई रात्री अंधारात फिल्मच्या कडांना भोकं पाडत बसायची. 'राजा हरिश्चंद्र' पुढं सरकला तो त्या भोकांवर. पडद्यावर मात्र त्यातलं एकही दिसलं नाही.

आमच्या नशिबी भोकं येतात ती वर्गणीच्या पावतीपुस्तकातली. परवा मंडळाचा पोरगा आला. पाचशे एक रुपये मोजून घेतले, आकडा लिहिला आणि पावती ओढली. ती भोकांची रांग सोडून तिरकी फाटली. पाचाचा आकडा स्थळप्रतीला चिकटून राहिला, माझ्या हाती आले शून्य आणि एक.

"काका, दुसरी फाडू का?"

मी कानावर हात ठेवला. म्हटलं, "परफोरेशन आहे रे. काही ऐकू येत नाही."