पिकतं तिथे विकतंय

साल्झबुर्गमध्ये मोझार्ट नसलेलं दुकान शोधून दाखवणाऱ्याला बक्षीस लावायला हरकत नाही. चॉकलेटवर तो, छत्रीवर तो, न्हाणीघरातल्या रबरी बदकाच्या डोक्यावरसुद्धा त्याचाच पांढरा टोप. गेट्रायडेगासे या चिंचोळ्या गल्लीतल्या नऊ नंबरच्या पिवळ्या घरात १७५६ साली तो जन्मला. त्या दारासमोर आता आषाढीच्या रांगेसारखी गर्दी असते.

खुद्द मोझार्टचा मात्र या गावात जीव रमेना. नोकरी आर्चबिशप कोलोरेडोंची. व्हिएन्नाच्या मुक्कामात त्याचं पान मांडलं जाई ते खासगी नोकरांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर. १७८१ मध्ये त्याने नोकरी सोडायचं ठरवलं, तेव्हा काउंट आर्को या दरबाऱ्याने त्याला चक्क लाथ मारून बाहेर काढलं. संगीताच्या इतिहासात इतकी फलदायी लाथ दुसरी नसावी. तो व्हिएन्नातच राहिला आणि 'फिगारो'पासून 'जादूच्या बासरी'पर्यंत सगळं तिथून आलं. साल्झबुर्गने १८४२ मध्ये भर चौकात त्याचा पुतळा उभारला. तोवर त्याला जाऊन पन्नासावर वर्षं लोटली होती. आता तो पुन्हा राजीनामा देण्याची भीती नव्हती.

गाव सोडून जा, मग आम्ही तुमच्यावर जीव ओवाळून टाकू, असा इथला रिवाज दिसतो. मिराबेल बागेच्या पायऱ्यांवर जगभरचे पर्यटक 'साउंड ऑफ म्युझिक'मधलं सारेगम गात उड्या मारतात. ज्यांच्यावरून तो सिनेमा निघाला, ते ट्रॅप कुटुंब १९३८ मध्ये नाझींमुळे देश सोडून गेलं. सिनेमात ते डोंगर चढून स्वित्झर्लंडला जातात. प्रत्यक्षात साध्या आगगाडीने इटलीला गेले. बरंच झालं, कारण साल्झबुर्गचा डोंगर ओलांडला की लागते ती जर्मनी!

मग जो गेलाच नाही त्याचं काय? योझेफ हायडनचे धाकटे भाऊ मिखाएल हायडन १७६३ मध्ये इथे नोकरीला आले आणि १८०६ मध्ये इथेच वारले. त्रेचाळीस वर्षं इमानेइतबारे संगीत रचलं. चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेला त्यांचा चेहरा मला काही दिसला नाही. त्यांच्या एका सिंफनीला मोझार्टने सुरुवातीचा छोटासा तुकडा जोडला, तर पुढे ती अख्खी सिंफनी मोझार्टची सदतिसावी म्हणून गाजली. १९०७ मध्ये खरा प्रकार उघड झाला. तेव्हापासून मोझार्टच्या यादीत छत्तीसनंतर थेट अडतीस येते.

मुलांना परदेशी धाडायला निघालेल्या आईबापांनी ही गोष्ट जरूर सांगावी. त्यांना जवळच ठेवू पाहणाऱ्यांनी मात्र सुट्टीत दुसरं एखादं गाव बघावं.