आपल्यातच राहू द्या

आमच्या विभागातल्या सरांकडे एखाद्या जर्नलचा निबंध परीक्षणाला आला, की ते आधी स्टाफरूमचं दार लोटून घेतात. दार लोटलेलं दिसलं की शेजारच्या विभागातलेही दोघे-तिघे आत येऊन बसतात. सर आवाज खाली आणतात. "खरं तर मी हे बोलायला नको. अगदी गोपनीय आहे. आपल्यातच राहू द्या." मग विषय, निष्कर्ष आणि तिसऱ्या तक्त्यातली चूक, सगळं चहा येईपर्यंत उरकतं.

लेखकाचं नाव झाकलेलं असतं, हा सरांना स्वतःचा अपमान वाटतो. ते थेट संदर्भसूची उघडतात. निम्मे संदर्भ एकाच माणसाचे निघाले की "सापडला!" म्हणून मांडीवर थाप. स्वतःचं नाव मात्र कटाक्षाने गुप्त. अभिप्रायात फक्त एवढंच, की लेखकाने पुढील चार मौलिक निबंध अभ्यासावेत. चारही सरांचेच.

त्यांना एकदा रॉबर्टसनची गोष्ट सांगून पाहिली. १९३६ साली आइनस्टाइन आणि रोझेन यांनी, गुरुत्वीय लहरी नसतातच असा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे धाडला. परीक्षकाने चूक दाखवली. न विचारता तिसऱ्याला दाखवलाच कसा, म्हणून आइनस्टाइननी रागाने निबंध मागे घेतला. परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन, प्रिन्स्टनचेच. पुढे त्यांनी आइनस्टाइनचे सहकारी इन्फेल्ड यांना ती चूक बोलता बोलता समजावून दिली, पण 'तो परीक्षक मीच' हे काही सांगितलं नाही. नाव जाहीर झालं २००५ मध्ये, जर्नलच्या जुन्या नोंदींवरून. रॉबर्टसन १९६१ मध्येच वारले होते.

सर सुन्न झाले. "आइनस्टाइनची चूक काढली आणि बोलला नाही? मग काढून उपयोग काय?"

हल्ली ते निबंध चॅटबॉटलाही वाचायला देतात. अमेरिकेच्या एनआयएच या संस्थेने अनुदान-प्रस्तावांच्या परीक्षणात हे २०२३ पासून बंद केलंय, गोपनीयता मोडते म्हणून. सरांना पटत नाही. "यंत्र ते. ते कुणाला सांगणार?" स्वतःपेक्षा यंत्र भरवशाचं, हे त्यांचं मत मात्र आम्हा सर्वांना मान्य आहे.

तुमचा निबंध कुठे परीक्षणात अडकला असेल आणि निकाल आधी हवा असेल, तर मधल्या सुट्टीत आमच्या स्टाफरूममध्ये या. येताना दार लोटून घ्या.