एकविसाव्या घोड्याचा माजी मालक

केंटकी डर्बी धावायला दोन मिनिटं लागतात, सांगायला आयुष्य पुरत नाही. त्यातून डर्बी २०२२ ची असेल आणि सांगणारा माझा साडू असेल, तर ऐकणाऱ्याचंही पुरत नाही. आमच्याकडे गणपती असो, बारसं असो की कुणाला ग्रीन कार्ड मिळाल्याचं जेवण असो, पानं उठून सुपारी फिरायला लागली की साडू पाय पसरतो आणि "त्या वर्षी काय झालं..." म्हणून सुरू होतो. गोष्टीत एक विजेता असतो आणि एक मूर्ख. विजेता तो स्वतः. तेव्हा दुसऱ्या पात्राची बाजूही एकदा छापून यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी माझा अधिकार सांगतो. मुंबईत असताना माझी लोकल रोज महालक्ष्मी स्टेशनवर थांबायची. रेसकोर्सशी माझा संबंध एवढाच. पण पुढे डर्बीच्या गावी, लुईव्हिलला स्थायिक झालो, आणि मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी या गावात घोड्यांबद्दल मत नसणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबड्या-पांढऱ्याबद्दल मत नसणं. म्हणून मीही एक मत बाळगलं. ते बघता बघता वाढलं, त्याला आकडेवारी फुटली आणि एक दिवस मंडळी मला 'घोड्यांतलं कळणारा' म्हणू लागली. मी नको म्हणालो नाही.

आमच्या मराठी मंडळींत दर वर्षी डर्बीच्या चिठ्ठ्या निघतात. शर्यत १८७५ पासून एकाही वर्षाचा खंड न पडता चाललेली, अंतर सव्वा मैल, घोडे तीन वर्षांचे आणि जास्तीत जास्त २०. म्हणून चिठ्ठ्याही २०. एका चिठ्ठीला ५ डॉलर, पहिल्याला ७०, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १०. खजिनदार माझी बायको, सल्लागार मी. २०२२ मध्येही सल्ला कुणी मागितला नव्हता, तरी मी व्हॉट्सअ‍ॅपवर वीसही घोड्यांचं सविस्तर टिपण टाकलं. एपिसेंटर जिंकणार, झॅन्डन त्याला घाम फोडणार, जपानचा क्राउन प्राइड चमकणार. दुबईहून आलेल्या समर इज टुमॉरोचे ट्रेनर भूपत सीमर भारतीय, म्हणून त्याच्यासाठी देशप्रेमाचा एक वेगळा परिच्छेद.

गुरुवारी संध्याकाळी चिठ्ठ्या निघाल्या. मला आला ईथरियल रोड. माझ्याच टिपणात मी त्याला 'दुर्लक्ष करावे' असं लिहिलं होतं. रातोरात मत बदललं. त्याचे ट्रेनर डी. वेन लुकस, वय ८६, चार वेळा डर्बी जिंकलेले. असा माणूस उगाच घोडा आणेल का? शुक्रवारी सकाळी, मुदत संपता संपता, त्यांनी तो शर्यतीतून काढून घेतला. त्याच दुपारी लुकस यांच्या सीक्रेट ओथ या घोडीने केंटकी ओक्स ही शर्यत जिंकली. म्हणजे आजोबांचा शुक्रवार झकास गेला, नासला तो माझा.

मी ५ डॉलर परत मागितले. खजिनदारबाईंनी निकाल दिला, "घोडा रद्द झालाय, चिठ्ठी नाही. राखीव यादीतला जो आत आला तो तुमचा."

"अगं, पण तो माझ्या टिपणात नाही!"

"मग टिपण बदला."

आत आलेल्याचं नाव रिच स्ट्राइक. मी त्याची कुंडली काढली. ७ शर्यतींत १ विजय. पाठीवर नंबर २१, गेट सगळ्यात बाहेरचं. जॉकी सॉनी लिऑन, ओहायोतल्या लहान ट्रॅकवर घोडे पळवणारा, डर्बीत पहिल्यांदाच. आणि घोड्याची खरेदी क्लेमिंग शर्यतीतली. या शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक घोड्याला आधीच किंमत लावलेली असते आणि ती भरणारा त्याला घेऊन जातो. रिच स्ट्राइक गेला होता ३० हजार डॉलरला. जिथे लाखोंचे घोडे असतात, तिथे हे म्हणजे भंगाराचा भाव.

शनिवारी टीव्हीसमोर जमलो. सिनसिनाटीहून साडू आला होता. त्याच्याकडे चिठ्ठी झॅन्डनची. झॅन्डन! मी त्याला बाजूला घेतलं आणि मोठ्या मनाने समजावलं, "हे बघ, तू हौशी माणूस. तुझ्या ओहायोचा जॉकी आहे या घोड्यावर. तुलाच शोभेल."

"साडूभाऊ, तुम्हीच म्हणता झॅन्डन चांगला आहे."

"म्हणून तर वर ५ डॉलर देतोय."

व्यवहार झाला. साडूने ती चिठ्ठी खिशात टाकली आणि आता आलाच आहे पदरात, तर होऊन जाऊ दे म्हणून फोनवरून त्याच घोड्यावर खरे २ डॉलर लावले. भाव होता एकाला ८०. मी हसलो. माझं ते हसू मेव्हणीने मोबाईलवर टिपलेलं आहे आणि ते दर वर्षी दाखवलं जातं.

गेट उघडलं. समर इज टुमॉरो आणि क्राउन प्राइड असे सुटले, की पहिला पाव मैल २१.७८ सेकंदांत. डर्बीच्या इतिहासात एवढी वेगवान सुरुवात झालीच नव्हती. मी देशप्रेमाने टाळ्या पिटत होतो. रिच स्ट्राइक तेव्हा अठरावा. शेवटच्या वळणावर पुढच्यांच्या पायातलं बळ संपलं, एपिसेंटर पुढे आला, बाहेरून झॅन्डन भिडला. मी खुर्चीवर उभा राहून "झॅन्डन! झॅन्डन!" ओरडत होतो. तेवढ्यात आतल्या कुंपणालगत एक तांबडा घोडा मेसियर नावाच्या घोड्याला वळसा घालून सुसाट येताना दिसला. कुणीतरी विचारलं, हा कोण? तज्ज्ञ या नात्याने मी म्हणालो, "आतला धरू नका."

आतल्याने एपिसेंटरला पाऊण लांबीने हरवलं. झॅन्डन तिसरा. समर इज टुमॉरो विसावा, म्हणजे शेवटचा. देशप्रेमाचा परिच्छेद मी रात्री पुसून टाकला.

डर्बीच्या इतिहासात याहून मोठा उलटफेर एकच, १९१३ मधल्या डोनरेलचा, एकाला ९१ भावाचा. साडूला २ डॉलरचे १६३ डॉलर ६० सेंट मिळाले, वर चिठ्ठीचे ७०. मला झॅन्डनचे १०. चिठ्ठीचे ५ आणि वरचे ५ धरले तर माझा हिशेब शून्यावर जुळतो. असं मी म्हणतो, खजिनदार म्हणत नाही.

आता साडू जे तत्त्वज्ञान सांगतो तेही नोंदवतो. म्हणतो, सगळं लिहिलेलंच होतं, वाचायला हवं होतं. ज्या दिवशी घोडा ३० हजाराला गेला, त्या दिवशी तो डर्बीच्याच मैदानावर, चर्चिल डाउन्सवर, सव्वासतरा लांबींनी जिंकला होता. त्याचा बाप कीन आइस, ज्याने २०१५ मध्ये ट्रॅव्हर्स स्टेक्समध्ये खुद्द त्या वर्षीच्या डर्बीविजेत्या अमेरिकन फॅरोला हरवलं. पुढचे घोडे वेडे धावले की मागून येणाऱ्याचं फावतं. हे सगळं खरं आहे आणि सगळं शर्यतीनंतर सुचलेलं आहे. रिच स्ट्राइकचे ट्रेनर एरिक रीड यांच्या तबेल्याला २०१६ च्या डिसेंबरात आग लागून २३ घोडे गेले होते. त्या माणसाच्या वाट्याला हा दिवस आला, याचा आनंद मात्र मलाही निर्मळपणे झाला. दुःख फक्त पाच डॉलरांचं. ज्या कॅल्युमेट फार्मने हा घोडा जन्माला घातला, त्यांनी तो घालवताना ३० हजार घेतले तरी. मी वरून पैसे दिले.

माझ्या बाजूचा पुरावा असा: रिच स्ट्राइक पुढे बेलमाँट शर्यतीत सहावा आला आणि नंतर एकही शर्यत जिंकला नाही. एपिसेंटरने ट्रॅव्हर्स जिंकली आणि त्या वर्षीचा तीन वर्षांचा सर्वोत्तम घोडा तोच ठरला. म्हणजे ती दोन मिनिटं आणि दोन सेकंद सोडले तर माझं टिपण अचूक होतं.

वाचकहो, चिठ्ठीत आलेला घोडा बदलू नका. बदलायचाच असेल, तर निदान साडूशी बदलू नका.